चुकलेल्या बॉलची जागा

पहाटे साडेपाचला, कूलरच्या ओल्या गवताचा वास अजून केसांत,
पोरी येतात सायकलींवर, ओढण्यांनी तोंडं बांधून,
आणि आल्या आल्या रिंगकडे बॉल फेकायला लागतात.
मी शिट्टी वाजवते. बॉल खाली.
आज कोणीही बास्केट करायची नाही.

टाकीकडची रिंग सैल आहे, एक बोल्ट नाही,
तिच्यावर आदळलेला बॉल थकल्यासारखा जवळच पडतो.
शाळेकडची कडक. ती बॉल हाकलून देते
पार कडुनिंबापर्यंत.
ह्या दोघींचे स्वभाव आधी पाठ करा,
मग माझं ऐका.

मागच्या नवतपात मी इथे दोनशे चुका मोजल्या,
प्रत्येक बॉल जिथे पडला तिथे खडूची फुली.
डाव्या कोपऱ्यातून मारलेल्यांच्या फुल्या बहुतेक उजवीकडे.
लांबून मारलेल्यांच्या लांब.
एवढंच शास्त्र मला येतं.
बाकीचं कंबरेत असतं.

बॉल सुटला की सगळ्या वर पाहतात. तू पाहू नको.
तू आधी माणूस शोध.
तिच्या छातीला तुझी पाठ लागली पाहिजे,
गुडघे वाकव, बूड मागे, कोपर बाहेर,
हां, आता पाहा वर.

बूड म्हटलं की प्रणोती ढोबळे लाजते,
मग बाकीच्याही लाजतात.
सरजा उईके लाजत नाही.
ती टेका नाक्याहून येते, तिच्या बुटांना दोन रंगांच्या नाड्या.
"मॅडम, हे तं आमी टँकरवर रोजच करतो," ती म्हणते,
"मांगच्या बाईले गुंड पुढं सरकवू द्याचा नाई."

अजनीच्या रेल्वे संघातून मी अठरा वर्षं खेळले,
दोन गुडघे तिथेच ठेवून आले,
इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग वर्तुळात बॉलऐवजी मी माझा डबा ठेवते.
पोहोचेल तिचा डबा. आत भरल्या वांग्याची भाजी.
पाच आकडे मोजायचे, सरजानं राखायचं.
मी सात मोजले, नंतर अकरा.
प्रणोती डावीकडून आली, मग खालून, मग चक्क गुदगुल्या करून.
डबा तसाच.
सरजानं तो नंतर सगळ्यांना वाटला आणि स्वतः फक्त झाकण चाटलं.

पाणी पिताना तिनं विचारलं,
"मॅडम, प्रणोतीनं मारला तरी चुकनच, असं धरू का?
माही मैत्रीण हाय थे."
मी म्हटलं, हो. धर.

रात्री गुडघ्यांना बर्फ लावताना वाटलं,
उत्तर जरा पटकनच दिलं.
मैत्रिणीचा बॉल पडावा असं मनापासून वाटणं
आणि ती चुकेल तिथं आधीच जाऊन उभं राहणं,
ह्या दोन गोष्टींचं भांडण नाही, हे कसं सांगू?
मला स्वतःला ते रिटायर व्हायच्या जरा आधी कळलं,
तेही नीट नाही.

रविवारी भंडाऱ्याशी सामना. एका गुणानं पुढे,
घड्याळात बावीस सेकंद, ऊन बेंचपर्यंत आलेलं.
प्रणोतीनं डाव्या कोपऱ्यातून मारला.
बॉल तिच्या बोटांतून सुटायच्या आधीच
सरजा उजवीकडे निघाली होती.
भंडाऱ्याच्या उंच पोरीला पाठीनं ढकलत, खाली, अजून खाली,
आणि मग एकदम वर.
असा आवाज आला, जसं कोणी दार लावून घेतलं.

ती उतरली. बॉल हनुवटीखाली, कोपर बाहेर.
आणि उभीच राहिली.

पुढचं मी शिकवलंच नव्हतं.
महिनाभर फक्त घ्यायचं शिकवलं, घेतल्यावर काय, ते राहून गेलं.
दे, दे, ओरडताहेत सगळ्या, प्रणोती हात वर करून रडवेली,
भंडाऱ्याच्या तिघी तिच्या भोवती,
आणि ती माझ्याकडे पाहते आहे, शांत,
गुंड भरल्यावर डोक्यावर घेण्याआधी
बाया क्षणभर थांबतात ना,
तशी.