खालीवरची टाळी

इनास बाब आमच्या मांडवाबाहेर उभा राहून सुवारी ऐकायचा.
चवथीची तिसरी रात्र, पेट्रोमॅक्सभोवती पाकोळ्या,
आणि माझा बाप घुमटाच्या मागल्या तोंडावर
डावा तळवा उघडत-झाकत बसलेला,
जणू मडक्याच्या पोटात कुणी अडकलंय
आणि त्याला श्वास पुरवायचाय.

हे मी पाहिलेलं नाही.
मला इनासनेच सांगितलं, दिवाडीच्या फेरीवर,
डावा हात खांद्यापासून झोपून गेल्यानंतरच्या वर्षी.
उजवा मात्र कठड्यावर गप्प बसत नव्हता.

इगर्जीच्या शाळेत मेस्तानं त्याला
पाच रेघांवर चालायला शिकवलं.
पाय घसरला की बोटांवर छडी.
'रेघा त्याच्या,' इनास म्हणाला,
'पण खोडी तुझ्या बापाची.'

मग कलकत्त्याचं हॉटेल. पांढरा कोट, काळा बो,
रात्री नऊ ते दोन,
मडमांच्या टाचांखाली वॉल्ट्झ नीट घडी करून ठेवायचा.
एका रात्री बँड जेवायला बसला असताना
स्वयंपाकघराच्या दारातून एक खलाशी आत आला,
काळा, उंच, अमेरिकेच्या जहाजावरचा.
(पुढच्या दारातून त्याला कुणी घेतलं नसतं.
आम्हालाही नाही, वाद्याशिवाय.)
त्यानं एक पातेलं पालथं घातलं.

'एक सोडला. दोनवर मारली.
तीन सोडला. चारवर मारली.
मी म्हटलं, सायबा, ही तर खाली!
तुझा बाप जिथं हात हवेत ठेवायचा
तिथंच हा माणूस घर बांधून राहिलाय.'

खलाशी म्हणाला, आजीच्या आजीकडून ढोल काढून घेतले.
मालकांना भीती, ढोल बोलतात.
मग त्यांनी मांड्या वाजवल्या, छाती वाजवली,
शेतातल्या फावड्याचा दांडा, देवळाची फरशी.
नंतर त्यालाच लोक तिकीट काढून नाचले.

इनास भात तसाच टाकून उठला.
त्याला वाटलं, आपल्यातही कुणीतरी,
देव बदलला त्या साली,
घुमट माळ्यावर टाकलं असणार, भाताच्या कणगीमागं,
आणि पाद्री झोपल्यावर
एखाद्या लग्नात हळूच खाली उतरवलं असणार.
'कोण जाणे,' तो म्हणाला. 'कुणी लिहून ठेवलेलं नाही.
रेघा आमच्याकडे नंतर आल्या.'

फेरी मांडवीच्या मध्यावर. इंजिन धापा टाकत होतं,
दोन मासळीवाल्या पाट्यांवर टेकून भांडत होत्या.
इनास म्हणाला, 'तू माझा डावा हो.'

मी हसलो. मग तळवा कठड्यावर ठेवला.
तो दोनवर यायचा, मी तिथं पोचायच्या आत निघून गेलेला.
पुन्हा. मी घाईत आधी.
पुन्हा. 'मोजू नको रे,
मोजून येतो तो पगार.'
मग केव्हातरी गंजलेल्या लोखंडाखाली
काहीतरी ढिलं झालं आणि डोलायला लागलं.
एका मासळीवालीनं भांडण न थांबवता
पायाचं बोट हलवलं.

सम यायच्या आत फेरीचं दार खाली आपटलं,
मोटरसायकली एकदम सुरू झाल्या.
तो लंगडत उतरला, मागं वळला नाही.
पावसाळा संपायच्या आत गेला.

आता घोरपडीचं कातडं बंद, बकरीचं लावतात.
आवाज जरा कोरडा, पण बोलतो.
यंदा चवथीला, आरतीच्या ऐन भरात,
मी खालीवर एक थाप टाकली.
कासाळंवाल्या चुलतभावानं डोळे वटारले.
दुसरी टाकली.
शामेळवाला पोरगा क्षणभर चाचपडला
आणि मग सरळ माझ्या बाजूनं आला.

मांडवाबाहेर इनासची बायको उभी होती,
सेबास्तियाना, हातात बॅटरी.
मी नंतर म्हटलं, आत ये.
ती म्हणाली, नको.
इथून बरं ऐकू येतं.