लपवलेले दाखवा

मोईन तांबोळीनं लॅपटॉप पिशवीत घालून दिला,
म्हणाला, सगळं आहे मॅडम,
टॅली आहे, फोटो आहेत, मार्चपर्यंतची बिलं आहेत.
डिस्क बदलली, सिस्टीम कोरी टाकली.
फक्त ब्राउझर नवा.

फक्त.

कॅनडा कॉर्नर ते सातपूर
सिटीलिंकमध्ये मांडीवर घेऊन बसले.
दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसासारखा
तो जरा कोमट होता.

घरी उघडला तर पांढरं.
मधोमध एक चौकट, तिच्यात कर्सरची उघडझाप,
खाली रिकामी वर्तुळं, प्रत्येकात अधिकचं चिन्ह,
जसं कुणी विचारावं, मग, काय काय आवडतं तुम्हाला?
पन्नाशीच्या बाईला असं एकदम विचारू नये.

एकाहत्तर टॅब होते माझे.
इतके दाटीनं की नावं मावत नव्हती,
नखाएवढी चित्रं नुसती,
तरी मला कळायचं कोण कुठे उभं आहे.
भाची म्हणायची, आत्या, बंद कर ना, मशीन धापा टाकतंय.
पण बंद करायचं म्हणजे ठरवायचं.
उघडं ठेवलं की विषय चालू राहतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
जुनी डिस्क त्यानं फेकली नव्हती.
ड्रॉवरमध्ये, पारदर्शक पिशवीत, वर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर पेनानं: सातपूर मॅडम.
वायर जोडली. घरघर.
फोल्डरात फोल्डर, त्यात अजून फोल्डर,
एका ठिकाणी वाटच संपली.
मग त्यानं एका चौकोनावर टिचकी मारली,
लपवलेले दाखवा,
आणि फिकट, धुरकट पिवळ्यात
आतल्या खोल्या दिसायला लागल्या.

युजरचं नाव काय होतं?

रामकुंडावर गुरुजी असंच विचारतात,
मूळ गाव कोणतं, आडनाव कोणतं,
मग लांबट वहीची पानं उलटत जातात.
मी म्हणाले, उल्हास.
मशीन त्यांच्या नावावर होतं.
ते धुळ्याला असतात आता. बाकी त्यांच्या नावावर काही नाही.
मोईननं मान वर केली नाही,
नुसतं टाइप केलं.

बुकमार्क आले सगळे, एका साध्या फाईलीत, ओळीखाली ओळ.
टॅबचं मात्र, म्हणाला, शेवटची नोंद तुटलीय.
एक जुनी सापडतेय, दिवाळीच्या आधीची. चालेल?
चालेल.

विवरणपत्राची शेवटची तारीख, दंडासकट.
वाल किती तास भिजवावेत.
गंगापूर धरण, आजचा साठा, म्हणजे केव्हाचा आज कोण जाणे.
घरमालकांना एकटी बाई चालते का.
इंदिरानगर, वन बीएचके: ही जाहिरात काढून टाकली आहे.
कौटुंबिक न्यायालय, दुपारच्या सुट्टीची वेळ.
निम्मी पानं उघडेनात. नाव तेवढं वर, खाली राखाडी.
मी उभ्या उभ्या बंद करत गेले,
वाल, धरण, न्यायालय,
हात कुठे अडला नाही याचं मलाच नवल.

शेवटून तिसरा:
त्र्यंबक रोडचा जलतरण तलाव,
प्रौढ महिला, नवशिक्या, सकाळची तुकडी.
अर्ज मीच भरत होते.
उंचीपाशी थांबले होते, एवढं आठवतं.
का थांबले? फोन आला असेल. दूध उतू गेलं असेल.
किंवा नसेलही.
आता वर लाल पट्टी,
सत्र संपले आहे. कृपया पुन्हा प्रवेश करा.

हा पण बंद करू?

मी विचारलं, मोजायची टेप आहे का रे तुझ्याकडे?
टेप नव्हती.
त्यानं इकडेतिकडे पाहिलं, भिंतीवरून
निळ्या केबलचं वेटोळं काढलं,
हिच्यावर मीटरच्या खुणा असतात, म्हणाला,
आणि दाराच्या चौकटीपाशी उभा राहिला.

चपला काढा, मॅडम.