डंकावरचा ज्येष्ठमध

चैत्र लागला की आमच्या डंकाला उसंत नसते.
संकेश्वरी, ब्याडगी, चिमूटभर लवंगी,
खोबरं, तीळ, धणे, लसणाचे गड्डे.
उत्तरेश्वरापासनं फुलेवाडी नाक्यापर्यंतच्या डब्यांवर
खडूनं नावं लिहितो मी,
आणि मुसळं पडत राहतात. धाड धाड, धाड धाड.

खांदा दुखायचा. मेडिकलातली लाल गोळी
चहाबरोबर, उपाशीपोटी, तीन वर्षं.
मग एका पहाटे शौचाला डांबरासारखं काळं,
आणि डोळ्यांपुढं नुसते डबेच डबे.

सीपीआरला नळी घातली.
डॉक्टरीण नवी, पुण्याकडची.
"कधीपासून दुखतंय?"
"शिमग्यापासनं. सोसत आलो आपला."
ती हसली, "बाई असून आलो म्हणता?"
म्हटलं, "दुखतंय ते बाईलाच. तेवढं लिहा."

लिहिलं. चौदा दिवसांच्या गोळ्या.
लाल गोळी बंद. चटणी बंद.
डंकवालीला
चटणी बंद.

लक्ष्मीपुरीत महालिंगआप्पांचं काष्ठौषधीचं दुकान,
ड्रॉवरला ड्रॉवर, प्रत्येकाला वेगळा वास.
आप्पांनी चष्म्यावरनं बघितलं,
ज्येष्ठमधाच्या काड्या तोडल्या, शतावरी जोखली,
"सकाळी कोहळ्याचा रस. दवाखान्याच्या गोळ्या सोडायच्या न्हाईत,
ह्ये आपलं सोबतीला. बीपी हाय?
असंल तर काड्या परत ठेवतो."
बीपी नव्हतं. गिऱ्हाईक जाऊ द्यायला तयार असलेला माणूस
मी बाजारात पहिल्यांदाच बघितला.

घरी येऊन तिन्हींतलं एक उखळ खरवडलं,
तीनदा धुतलं, उन्हात ठेवलं,
आणि काड्या घातल्या.
पिवळसर धूळ उडाली, गोड.
वीस वर्षं शिंकणारं नाक माझं, गप्प झालं.

चमचाभर दुधातनं घेतलं.
जिभेवर गोड,
आणि गळ्याखाली जाळ!
लोखंडाच्या रंध्रारंध्रात बसलेली
कुणाकुणाच्या घरची मिरची
एकदम माझ्या पोटात उतरली.
उखळानं आपला धर्म सोडला नव्हता.
पायरीवर बसून मी रडलो, मग हसलो,
मग पुन्हा रडलो, पण ते तिखटानं.

रेहाना मणेरनं आपला खलबत्ता दिला,
जन्मभर फक्त वेलदोडा कुटलेला.

आता बायका चटणी सांगतात मोठ्यानं,
"बोटभर तेल सुटलं पाहिजे बघा!"
आणि डबा सरकवताना हळूच,
"तुमचं ते काड्यांचं काय हो?
आमच्यात बी रात्री पेटतंय."
पेठंतलं अर्धं पोट असं पेटलेलं,
आणि चटणी माझ्याच डंकावरची.
मी विचारतो, काळं होतंय का?
होत असंल तर काड्या-बिड्या नंतर,
आधी नळी.

मीठ बघायचं राहतंच.
आमच्या चटणीचं मीठ माझ्या जिभेनं बघायचं, ही रीत.
हल्ली गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या पोराला म्हणतो,
"काढ रे जीभ."
ते चाटतं, डोळे मिटतं,
कान लाल होईस्तोवर विचार करतं.
मी खडू हातात धरून
त्याच्या तोंडाकडं बघत उभा.