चाकांची खुर्ची

आमच्या गॅरेजात एक चाकांची खुर्ची होती
आणि ती आमच्या कुणाचीच नव्हती.

वावोनं ती घेतली अठ्ठ्याहत्तर साली,
न्यू बेडफर्डच्या धक्क्याजवळ
मासे कापण्याच्या कारखान्यातल्या जादा पाळीच्या पैशांतून,
खालच्या मजल्यावरच्या एर्मेलिंदाच्या नवऱ्यासाठी.
तो गेला, खुर्ची परत आली.
वावोनं ती अंगणात पाइपाखाली धुतली,
चाकांत तेल घातलं
आणि पाठीच्या कापडावर मागच्या बाजूनं
काळ्या शाईनं त्याचं नाव लिहिलं.
मग दुसऱ्याचं.
मग तिसरीचं.

ती बेटावरून आली होती, साउं जोर्जवरून,
एकोणिसाव्या वर्षी, एका पेटीत दोन चादरी
आणि एक संत अंतोनी घेऊन.
किल्ल्या हरवल्या की ती त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवायची,
"सापडेपर्यंत असाच उभा राहा" म्हणायची.
किल्ल्या सापडायच्या.
माफी मात्र तिनं त्याच्याकडे कधी मागितली नाही,
आमच्याकडेही नाही.

तिच्या जपमाळेला बांगड्याचा वास यायचा.
पहाटे साडेचारला, कॉफीच्या आधी,
नमो मरिया इतक्या भरभर
की आम्हाला वाटायचं नळ उघडा राहिलाय.
पाच मुलं, तिसरा मजला, बर्फाळलेला जिना;
त्याच जिन्यावरून ती रोज कुणाच्या तरी घरी
सुपाचं भांडं घेऊन उतरायची.

माझ्या दहाव्या वाढदिवशी मेणबत्त्या पेटल्या
आणि फोन वाजला.
गाउदेंसियुची आई पडली होती.
वावोनं एप्रनवर कोट चढवला.
मेण केकवर ओघळेपर्यंत मी थांबले,
मग एकटीनंच फुंकर मारली.
हे मी पुष्कळ वर्षं धरून ठेवलं.
आजही पुरतं सोडलेलं नाही.

पण पवित्र आत्म्याच्या सणाला
ती चर्चच्या तळघरात चाळीस पातेल्यांच्या वाफेत उभी असायची,
पुदिन्याचे हात, लाल झालेली कोपरं,
पावाच्या जाड तुकड्यांवर मटणाचा रस्सा ओतत.
रांगेत कोण, कुठल्या धर्माचा, प्यायलेला की शुद्धीत,
बघायची नाही.
नव्या पाद्रीनं एकदा कूपनांचं सुचवलं.
वावो म्हणाली, "भुकेल्याला नाव विचारायचं नसतं, फादर.
नाव आजाऱ्याला विचारायचं,
म्हणजे प्रार्थनेत चूक होत नाही."
त्या वर्षी फादरनं भांडी घासली.

शेवटी ती स्वतः त्या खुर्चीत बसली.
सात आठवडे.
"ब्रेक डावीकडचा ढिला आहे," ती मला सांगायची,
जणू खुर्ची दुसऱ्याच कुणाला ढकलायला शिकवतेय.
आणि मी शिकतच होते.

दफनानंतर तीन दिवसांनी मी गॅरेजात गेले.
खुर्ची घडी करून उभी होती.
मागच्या कापडावर एकतीस नावं,
काही पुसट, काहींसमोर बारीक क्रूस,
काहींसमोर "बरा झाला" असं वाकडंतिकडं पोर्तुगीज.
शेवटचं नाव देओलिंदा,
तिच्याच हातचं, थरथरलेलं.
पुढची जागा कोरी.
तिथं काय लिहावं मला कळेना.
क्रूस काढायला हात धजेना,
"बरी झाली" म्हणावं तर
कुणाला सांगणार होते?

शनिवारी दारावर थाप पडली.
ग्वातेमालाची तोमासा, मागच्या गल्लीतली,
तिच्या भावाचा पाय कारखान्याच्या पट्ट्यात आला होता.
तिनं आधी माझं सांत्वन केलं,
मग दोन्ही हात एकमेकांत गुंतवून विचारलं,
"ती खुर्ची अजून आहे का?"

मला नाही म्हणायचं होतं.
खरंच म्हणायचं होतं.
अजून तिच्या शालीचे धागे
हातांच्या टेकूला अडकलेले होते.

मी अंगणात पाइप सोडला.
पाणी गार होतं, एप्रिलचं.
चाकांत तेल घातलं, डावा ब्रेक आवळला,
धागे तेवढे काढून खिशात ठेवले.

मग पेन शोधलं.
"भावाचं नाव काय?" मी विचारलं.