बिडाचा तवा

जिन्सी नाल्याच्या भंगारवाल्याने तोलला
तेव्हा गंजही वजनात धरला.
"भैया, गंजाचेही पैसे?"
तो हसला, सुटे दोन रुपये सोडले.

ग्वाल्हेरच्या थंडीत तीन संध्याकाळ
विटेच्या भुकटीने घासला.
कुणाच्या तरी घरची जुनी करपट
काळ्या पाण्यातून मोरीत गेली.
खाली राखाडी, उघडं बीड,
नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखं ओशाळं.

मग जवसाचं तेल, मंद आच, पुन्हा तेल.
पुणतांबेकर वहिनी जिन्यातून म्हणाल्या,
"काळं काढलंत, आता काळंच चढवताय?"
हो.
ते परक्यांचं होतं.

पहिलं घावन चिकटलं.
दुसरं फाटलं.
तिसरं गल्लीतल्या कुत्रीने खाल्लं.
चौथं
उलथनं लावायच्या आत
कडेने आपणहून सुटलं.

मीठ घालायचं विसरलो होतो.