मालकाचा रकाना

विडी घरकुलातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
दर रविवारी ट्रस्टचा फुकट दवाखाना.
पत्रा तापून तडतडतो,
लसींच्या डब्यातला बर्फ अकरालाच पाणी होतो
आणि मी रजिस्टर लिहितो : जनावर, रंग, दुखणं, मालक.

भूमव्वा येमूलनं पाटी टेबलावर ठेवली,
विड्या कारखान्यात पोचवायची तीच पाटी.
आत तंबाखूच्या भुकटीत एक तांबडं कुत्रं,
कान रिक्षानं फाडलेला.
मालक?
"कुणाचं न्हाई. तिसऱ्या गल्लीचं."
रकान्यात मावलं तेवढं लिहिलं : ग. क्र. ३.

बस, म्हटलं. बसेना.
ती म्हणाली, "कूसो," आणि ते बसलं.
डॉक्टर हत्तरकी हसल्या, सुई भरली, सात टाके घातले.
पण कानावर पट्टी काही ठरेना,
मान झटकली की सुटायची.
तेव्हा भूमव्वानं चष्मा नाकावर ओढला,
दोऱ्याचं टोक मागितलं
आणि एक विडी बांधायला लागतो
तेवढ्याच वेळात गाठ.
तिच्यासाठी हजारातली एक.
झटकून झटकून कुत्रंच दमलं.

पैसे घेत नाही, सांगितलं,
तर पदराआडून पंचविसाचा कट्टा काढून ठेवला.
इथं कुणीच ओढत नाही.
ड्रॉवरमध्ये आहे अजून, सिरिंजांच्या शेजारी;
उघडलं की डॉक्टरांना शिंक येते.

दहा दिवसांनी टाके काढायला या, म्हटलं.
"मी येते की," पाटी कमरेवर घेत ती म्हणाली,
"त्याचं त्याला विचारा."