कोसा चालेल का

फॉर्म क्रमांक सतरा. भागरता नेवारे. वय?
"लिही ना साठ-सत्तर, तुले परवडन ते."
पडवीत पोतं अंथरलं, शेळी हुसकली,
आणि प्रशिक्षणात शिकवलं तसं सावकाश म्हणाले:
कंगवा. पूल. भोपळा. आगपेटी. रेशीम.
ध्यानात ठेवा मावशी, पाच मिनिटांनी विचारते.

आज तारीख कोणती?
"मोहफुलं सरली. फळी लागून आठ दिस झाले."
रकाना आकड्याचा होता.

शंभरातून सात वजा करा, मग परत सात.
ती हसली. "पुडा सत्तर पानाचा रायते बाई,
तू शंभराची गोठ काहून करते?"
आणि डोळे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवरून पळवत
सत्तर, एकशेचाळीस, दोनशे दहा,
पाचशे साठपर्यंत गेली
आणि तिथेच थांबली,
रानात मागून कोणी हाक मारल्यासारखी.

घड्याळ काढायला पेन्सिल दिली,
तिने ती विळ्यासारखी धरली.
या हातात पेन्सिल पहिल्यांदाच आली
हे लिहायला फॉर्मवर जागा नाही.

आता ते शब्द.
"कंगवा." शेळी परत आली. "भोपळा."
मग बराच वेळ आढ्याकडे बघत,
"कोसा."
कोसा नव्हता, मावशी.
"हव ना, कोसाच. माह्या बापाच्या ऐनाच्या झाडावर."
सूचना चार: शब्द जसाच्या तसा हवा.
मॅडमना फोन लावला,
रेशीमला कोसा चालेल का?
रेंज गेली.

फॉर्म अठरा, दसरू नेवारे, खांबाला टेकलेले.
तारीख, वार, तालुका, सगळं एका दमात,
वर न विचारता तिचे पाचही शब्द.
मागचं पान: गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का?
"नाई."
झोप लागत नाही, असं
"नाई."
जिवाला
"नाई."
नऊ प्रश्न, नऊ नाई. बेरीज शून्य.
मी सही घेतली, पिशवीची चेन ओढली.

कुंपणापर्यंत ते सोडायला आले.
गाडीच्या आरशावरची धूळ धोतराच्या सोग्याने पुसत राहिले.
"राती उठून चालाले लागते थे.
मी दाराले पाय लावून निजतो."
आरसा केव्हाच स्वच्छ झाला होता.
"चार दिस झाले, मले आसाराम म्हनते.
आसाराम तिचा भाऊ. लहानपनीच नाल्यात गेला."
मग?
"मंग काय. ओ देतो."

नाल्याच्या पुलावर गाडी आपोआप हळू झाली.
पूल. हा तिला आला नव्हता.
कठड्यावर कागद ठेवून
अठराव्या फॉर्मच्या शून्याशेजारी
बारीक अक्षरात लिहिलं: बुधवारी परत जाणे. जेवणाच्या वेळी.
सतराव्यावर, पाचव्या शब्दापुढे,
एक गुण दिला.
मॅडम विचारतील तेव्हा बघू.